उपवनच्या सिस्टरना, घामाच्या हिशोबाबद्दल

सिस्टर, नमस्कार.

तुम्ही व्हॉट्सॲपवर फक्त गुड मॉर्निंगची फुलं बघता आणि लांबलचक काही आलं की "नंतर वाचते रे" म्हणून सोडून देता हे मला माहितीय, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय, तुमची मुलगी वाचून दाखवेलच. शिवाय आपल्या सकाळच्या ग्रुपमधले निम्मे लोक अजून मला "तो ओला" म्हणूनच ओळखतात, त्यांनाही कळू दे काय झालं ते.

जिमची गोष्ट मी तुम्हाला अर्धीच सांगितली होती. आमच्या घराजवळच्या एका जिममध्ये मी चार महिने जात होतो. पाचव्या मिनिटाला कपाळ, दहाव्या मिनिटाला टीशर्ट पूर्ण ओला, आणि पंधराव्या मिनिटाला ट्रेडमिलच्या दांड्यावरून हात सटकायला लागायचे. एसी चालू, बाजूचा माणूस माझ्यापेक्षा जाड, तो आपला कोरडा ठणठणीत, आणि मी नळाखाली उभा राहून आल्यासारखा. एक दिवस बेंचवरून उठलो तर रेक्झिनवर माझ्या पाठीचा अख्खा नकाशा उमटलेला, आणि ट्रेनर सगळ्यांसमोर म्हणाला, "सर, स्विमिंग पूलची फी वेगळी आहे हां." हसले सगळे. मीपण हसलो. घरी येऊन बायकोला सांगितलं की जिमची वेळ जमत नाही.

त्याच ट्रेनरने आधी मला प्लास्टिकचा जॅकेटसारखा तो सूट घ्यायला लावला होता, घाम काढ म्हणजे चरबी जाते म्हणून. मी घेतला. दोन दिवसांत दीड किलो कमी, मी खूश. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "संध्याकाळी दोन तांबे पाणी प्यायल्यावर परत किती भरलं?" ते मी कधी बघितलंच नव्हतं. नंतर वाचलं की १९९७ मध्ये अमेरिकेत कॉलेजातले तीन कुस्तीगीर असेच हवा न खेळणारे सूट घालून वजन उतरवताना गेले, तिघंही साधारण महिन्याभराच्या अंतराने. माझा सूट आता माळ्यावर आहे, पावसाळ्यात स्कूटरची सीट झाकायला काढतो.

तर जिम सोडल्यावर मी पहाटे सव्वापाचला पळायला लागलो, अंधारात, म्हणजे कोणी बघायला नको. त्यात फिटनेस कमी आणि लपणंच जास्त होतं. आणि त्या मे महिन्यातल्या रविवारी येऊरचा चढ चढून दीड तासाने खाली आलो, रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, आणि ठाण्यातल्या आपल्या उपवन तलावाच्या कट्ट्यावर बसलो तो उठवेचना. पिंढरीत गोळा, डोळ्यांपुढे काळे ठिपके. लोक लांबून बघत होते. तुम्ही सरळ येऊन शेजारी बसलात आणि पहिला प्रश्न काय, तर "लघवीला शेवटचा कधी गेला होतास? रंग कसा होता?" मी आयुष्यात कुठल्या अनोळखी बाईला या प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं. पण तुमच्या आवाजात काहीतरी असं होतं ना, वॉर्डात पस्तीस वर्षं काढलेलं, की मी शाळेतल्या पोरासारखं उत्तर दिलं. मग तुम्ही माझी काळी टोपी काढून बघितलीत, कडेने पांढऱ्या रेषा उमटलेल्या, आणि म्हणालात, "हात चाट." मी म्हटलं काय? "अरे स्वतःचाच हात आहे, चाट." खारट, म्हणजे समुद्राच्या पाण्यात बोट बुडवून चाटावं तसा. "बघ, मीठ कुठे जातंय कळलं का," एवढं बोलून तुम्ही पिशवीतून कोकमाच्या आगळाची, म्हणजे खारवलेल्या घट्ट रसाची, बाटली काढलीत आणि पाण्यात टाकून प्यायला दिलंत, घोटघोट, गटागट प्यायलो तर हातातून काढून घेईन अशा धमकीसकट.

तोपर्यंत मी उलटंच करायचो. पळताना काही नाही, कारण पाणी प्यायलं की अजून घाम येईल असं डोक्यात, आणि घरी आल्यावर फ्रीजमधली दोन लिटरची बाटली उभ्याउभ्या रिकामी. मग तासाभराने डोकं जड, मळमळ, दुपारपर्यंत आडवा. मला वाटायचं ऊन बाधलं. तुम्ही म्हणालात मीठ गेलंय आणि तू नुसतं पाणी ओततोयस, आमटीत पाणी वाढवलं की चव काय होते? हे मला तेव्हा फार घरगुती वाटलं होतं, पण नंतर वाचलं तर २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं आणि त्यातल्या १३ टक्के लोकांचं सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, प्रमाणाबाहेर खाली गेलेलं निघालं, आणि ते बहुतेक वाटेत पाणी कमी पडलेले नव्हते, जास्त प्यायलेले होते. म्हणजे आमटी बरोबर होती.

पुढच्या रविवारी तुम्ही वजनकाटा घेऊन आलात. तांदळाच्या पिशवीत गुंडाळलेला, बाथरूममधला, काच एका कोपऱ्यात तडकलेली. माझ्यासाठी कोणी काटा घेऊन रिक्षाने येतं ही गोष्टच मला पचत नव्हती. पळायच्या आधी ८४.२, सत्तर मिनिटांनी कोरडा टीशर्ट घालून ८२.९, आणि मध्ये ३०० मिली प्यायलो होतो. तुम्ही किराणा बिलाच्या मागे लिहून दाखवलंत, एक किलो तीनशे अधिक हे तीनशे, म्हणजे साधारण एक लिटर सहाशे घाम. "हा तुझा आकडा. तापाचा चार्ट ठेवतात तसा ठेव." पाच रविवार आपण लिहिलं. ढगाळ दिवशी सव्वा लिटर, उकाड्यात पावणेदोन. वजनाच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त उतरू द्यायचं नाही, माझ्यासाठी म्हणजे दीड-पावणेदोन किलो, आणि जेवढं उतरलं त्याच्या सव्वापट-दीडपट पाणी पुढच्या दोन-तीन तासांत, सोबत काहीतरी खारट खाऊन. आणि वजन आधीपेक्षा वाढलं तर समजायचं की जास्त प्यायलास, गाढवा. गाढवा हा शब्द तुमचाच.

तुमचं माझ्या डोक्यात सगळ्यात पक्कं बसलेलं वाक्य म्हणजे कूलरचं. मी विचारलं होतं की माझा अकोल्याचा साडू ४३-४४ डिग्रीत काम करतो, त्याचा शर्ट माझ्याएवढा भिजत नाही, मग मलाच का? तुम्ही म्हणालात, "त्याच्या घरी कूलर चालतो ना? ठाण्यात लावून बघ." खरंच की! तिकडे हवा कोरडी म्हणून वाळ्याच्या ताट्यांवरचं पाणी झरझर उडतं आणि खोली गार होते, इथे खाडीच्या हवेत तोच कूलर नुसती ओल पसरवतो. साडूलाही घाम येतोच, पण आल्याआल्या उडून जातो, दिसत नाही. माझा अंगावरच राहतो. आणि अंगाला गारवा देतो तो उडणारा घाम, टपकून खाली पडणारा वाया. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर अंगातली साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो (उष्णता हां, चरबी नाही, ट्रेनरने ऐकावं), आणि तोच ओघळून बुटात गेला तर काही उपयोग नाही. म्हणून शरीर बिचारं अजून घाम काढतं. पावसाळ्यात माठातलं पाणी तेवढं गार होत नाही ते याच कारणाने, हेही तुम्हीच सांगितलंत.

आणि ते दुसरं, ज्यावर मी भांडलो होतो. मी म्हटलं दोन महिने झाले आता तरी घाम कमी व्हायला हवा. तुम्ही म्हणालात वाढेल. दहा-पंधरा दिवस गरमीत व्यायाम केला की शरीर शिकतं, लवकर घाम काढतं, जास्त काढतं, फक्त त्यात मीठ कमी सोडतं. मला वाटलं म्हातारी थट्टा करतेय. पण ऑगस्टपर्यंत टोपीवरच्या पांढऱ्या रेषा खरंच पुसट झाल्या, टीशर्ट मात्र तसाच चिंब.

कपडे आणि कातडीबद्दल तुम्ही जे ओरडलात ते लिहितो, कारण ते बऱ्याच जणांना लागेल. मी सुती टीशर्ट घालायचो, "कॉटन घाम शोषतं" म्हणून. शोषतं, पण सोडत नाही, शेवटी अर्धा किलोचं ओलं पोतं अंगाला घासत बसतं. पातळ जाळीदार जर्सी घेतली. जांघेत आणि छातीला घासतं तिथे पळायच्या आधी पेट्रोलियम जेली. टाल्कम पावडर नको, घामात तिचे गोळे होतात आणि अजून सोलतं. आणि मी मेडिकलमधून आणलेली ती ट्यूब! जांघेत गोल चट्टे होते, लाजेने डॉक्टरकडे न जाता दुकानदाराने दिलेलं क्रीम तीन आठवडे चोपडत होतो, लावलं की दोन दिवसांत खाज गायब, थांबवलं की दुप्पट. तुम्ही ट्यूब मागवलीत, चष्मा वर करून बारीक अक्षरं वाचलीत आणि म्हणालात यात स्टेरॉइड आहे, नायट्याला खतपाणी घालतोयस. त्वचारोगवाल्या डॉक्टरांनी नेमकं हेच सांगितलं, फक्त ५०० रुपये घेऊन. बरं व्हायला दोन महिने गेले.

आता जे मला खरं लिहायचंय ते. तिसऱ्या की चौथ्या रविवारी सगळे चहाला गेले होते आणि तुम्ही सहज विचारल्यासारखं विचारलंत, "कुठली गोळी चालू आहे का रे?" मी नाही म्हटलं. तुम्ही काही बोलला नाहीत, काट्याची पिशवी घडी करत बसलात. मग मीच म्हटलं, हो, आहे. आठ महिन्यांपासून, मन फार अस्वस्थ व्हायचं त्यासाठी. घरात फक्त बायकोला माहीत होतं. तुम्ही चेहऱ्यावर काही न दाखवता म्हणालात की या गोळ्यांनी काहीजणांना घाम वाढतो, डॉक्टरला सांगितलंस का? नव्हतं सांगितलं. कोणी विचारलंच नव्हतं, आणि घामाची तक्रार घेऊन मानसोपचारवाल्यांकडे जायचं हे डोक्यातही आलं नव्हतं. मी म्हटलं बंदच करतो मग. तेव्हा मात्र तुमचा आवाज चढला. "स्वतःच्या मनाने एक गोळी जरी बंद केलीस तर माझ्याशी बोलू नकोस." डॉक्टरांनी थायरॉइड आणि शुगर करायला सांगितली, दोन्ही नॉर्मल, मग त्यांनी हळूहळू गोळी बदलली. घाम गेला नाही, मी मुळातच घामट, माझे बाबाही तसेच होते. पण ऑफिसात बसल्याबसल्या पाठ भिजायची, रात्री उशी भिजायची, ते थांबलं. आणि तुम्ही आजपर्यंत ग्रुपमध्ये कोणाला एक अक्षर बोलला नाहीत. आज मीच बोलतोय.

ग्रुपमध्ये तुम्ही मीठ-साखरेच्या पाण्यावरून ज्यांना झापलं त्यांच्यासाठीही लिहितो, एक लिटर पाण्याला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा, अंदाजपंचे नाही. ओआरएसचं लिटरचं पाकीट असेल तर पूर्ण लिटरमध्येच, अर्धं पाकीट पेल्यात असला प्रकार नको. अर्ध्या-पाऊण तासाच्या चालण्याला यातलं काहीच लागत नाही, साधं पाणी पुरतं. आणि बीपीवाल्यांनी मिठाचं डॉक्टरला विचारून. तुमच्या स्वतःच्या बाटलीतलं कोकम बिनमिठाचं असायचं ते त्यामुळेच, मी एकदा चुकून प्यायलो होतो, भयंकर. छातीत दाबल्यासारखं होऊन गार घाम सुटला तर लिंबूपाणी पीत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल. कोणी उन्हात पळता पळता असंबद्ध बोलायला लागला तर अंग घामाने भिजलेलं असलं तरी उष्माघात असू शकतो, सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतायचं आणि गाडी बोलवायची. हे तुम्ही इतक्या वेळा सांगितलंय की मला झोपेतही म्हणता येईल.

डिसेंबरात मी दहा किलोमीटरची रेस पूर्ण केली, एक तास नऊ मिनिटं, तुम्ही दिलेला पंचा गळ्यात. सगळे टर्किशचे नॅपकिन घेऊन आणि मी पंचा घेऊन, पण तो पिळला की दहा मिनिटांत परत कामाला तयार, आणि तोंड पुसताना टोचत नाही. फोटोत मी नेहमीसारखाच भिजलेला कावळा दिसतोय. तो फोटो आधी मी कापून फक्त मेडलचा टाकणार होतो. मग अख्खा टाकला.

तुम्ही मुलीकडे नाशिकला गेलात त्याला आता तीन महिने झाले. गुडघा कसा आहे ते कळवा. तिकडे हवा कोरडी आहे, तेव्हा तुम्हीही पाणी पीत जा, घाम दिसत नाही म्हणून विसराल. काटा माझ्याकडेच राहिलाय, सेल नवीन टाकलेत आणि तडकलेल्या कोपऱ्याला टेप लावलीय. येत्या महिन्यात नाशिकला यायचंय, घेऊन येऊ का अजून एक पावसाळा ठेवू, ते सांगा.

तुमचा,
टोपीवाला गाढव