सड्यावरच्या तात्यांना

तीर्थस्वरूप तात्या,
साष्टांग नमस्कार.

मोबाईल तुम्ही फक्त फोन घ्यायला वापरता, तेव्हा हे पत्र नातू गणपतीला आला की वाचून दाखवेल. तोवर इतरांनी वाचलं तर बरंच.

रत्नागिरीतलं माझं चित्रप्रदर्शन पार पडलं. सड्याची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळमाळाची, चित्रं बघून जो तो विचारत होता, हे तुम्हाला दिसलं कुठे? दर वेळी तुमचं नाव सांगितलं, पण त्या गर्दीत दोन वाक्यांच्या पुढे जाता येईना. म्हणून हे सविस्तर.

पहिली गोष्ट रंगाची. कोकण रंगवायचं म्हणजे माड, होडी आणि मावळता सूर्य. गिऱ्हाईकही तेच मागतं. सडा कोण मागणार? मी जांभ्यासाठी काव आणि बर्न्ट सिएना कालवत बसले होते आणि तुम्ही मागे उभे राहून बघत होतात. म्हणालात, "बाय, लाल दिसला की समजायचं, कोणीतरी चिरा काढलान." खरंच की! ऊनपावसाने, शेवाळाने कातळ काळा पडलेला असतो. लाल दिसतो तो चिरेखाणीत, नाहीतर रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत. त्या दिवसापासून माझा सडा काळा झाला आणि लाल रंग मी खाणीपुरता राखून ठेवला. प्रदर्शनात सगळ्यात जास्त वेळ लोक थांबले ते त्या काळ्या चित्रांपुढेच.

पावसातला सडा मात्र तुम्ही काही न बोलता दाखवलात. इरलं घेऊन पुढे चालायचं आणि जिथे गुरं थांबतील तिथे थांबायचं. पाणी साचून राहतं तिथली फुलं, सीतेची आसवं, पांढरे गेंद, पिवळा कवळा. सीतेची आसवं दिसायला एवढी नाजूक, पण चिखलात बारीक फुगे लावून किडे खातात, हे मी नंतर वाचलं. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही हसून म्हणालात, "मग काय, उपाशी ऱ्हायची?"

धनेशाचंही तसंच. शिमग्यानंतर देवरहाटीतल्या, म्हणजे देवाच्या राखलेल्या रानातल्या, बेहड्याच्या ढोलीत मादी स्वतःला कोंडून घेते, नर फटीतून चारा भरवतो, हे पुस्तकात होतं. पण मी झाडाकडे सरळ चालत गेले की नर लांबूनच वळायचा. तुम्ही म्हशींच्या आडून बसायला सांगितलंत. म्हशीची त्याला सवय, माणसाची नाही. म्हशीच्या पाठीवरून केलेलं ते रेखाटन थोडं हललेलं आहे, तरी मला तेच आवडतं. आणि चोच फटीत घालताना त्याची मान किती वाकते, ते फोटोवरून मला कधीच साधलं नसतं.

आता कातळशिल्पाबद्दल, सड्याच्या दगडात कोरलेल्या चित्राबद्दल. आपल्याकडचं चित्र कुठल्या सड्यावर आहे ते लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. कशेळीचा हत्ती, बारसूचा दोन वाघांमधला माणूस आता सगळ्यांना ठाऊक झाले आहेत. कोकणातली ही ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीतही गेली. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारखे रत्नागिरीचे लोक ही चित्रं शोधत वर्षानुवर्षं गावोगाव फिरले, तेही गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना विचारतच. तेव्हा त्या यादीत तुमच्यासारख्यांचा वाटा आहे, नाव नसलं तरी.

त्या दिवशी तुम्ही खराट्याने माती झाडलीत आणि बाटलीतलं पाणी रेषेत सोडलंत. आधी पाठ उमटली, मग शेपूट, मग सोंडेसारखं लांब तोंड. रानडुक्कर! जांभा पाणी पितो म्हणून मला घाईने रेखाटावं लागलं, आणि तुम्ही स्वतःच्या प्यायच्या पाण्यातली अर्धी बाटली पुन्हा ओतलीत, वैशाखात. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी इथलंच जनावर, इथल्याच दगडावर, असंच बघून कोरलं. गेंडाही कोरला आहे म्हणतात, तो आता कोकणात नाही. डुक्कर मात्र अजून तुमची नाचणी खातं, आणि तुम्ही त्याला शिव्या देत देत त्याचं चित्र मला झाडून दाखवत होतात.

पैसे दिले तर तुम्ही परत करता, म्हणून बोलतच नाही. तुमच्या बैलांचं चित्र विकायला ठेवलं नव्हतं, ते गणपतीला घेऊन येते. पडवीच्या पश्चिमेच्या भिंतीला ओल धरते, तिथे नको. माजघरात खिळा मारून ठेवा, आणि काकूंना सांगा, चुलीच्या धुराच्या वाटेत नको.

तुमची,
बाय