विदूषकाचं छावणीत काय काम?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकांनी निर्वासितांच्या छावण्यांत सर्कस घेऊन जाणाऱ्यांवर कडक शब्दांत लिहिलं आहे. मुलांना प्यायला पाणी मिळत नाही तिथे लाल नाक लावून नाचणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं आहे, असा त्यांचा सूर आहे. त्यांच्या संतापामागे मुलांचा कळवळा आहे, हे मला दिसतं. मी अनेक वर्षं शाळेत शिकवलं, मग विदूषकाचं काम शिकले आणि घरदार सुटलेल्या मुलांसमोर ते करत आले. म्हणून हे उत्तर लिहिते आहे.

पहिली गोष्ट, हे खूळ कुणा मोठ्या माणसाच्या डोक्यातून आलेलं नाही. १९९३ साली युगोस्लाव्हियाचं युद्ध पेटलेलं असताना बार्सिलोनातल्या एका शाळेची मुलं क्रोएशियातल्या निर्वासित मुलांशी पत्रव्यवहार करत होती. आम्हाला सगळ्यात जास्त आठवण येते ती हसण्याची, असं छावणीतल्या मुलांनी कळवलं. शाळेतल्या मुलांनी मग पैसे गोळा केले आणि तोर्तेल पोलत्रोना या नावाने प्रसिद्ध असलेल्या जाउमे मातेउ या विदूषकाला गळ घातली, की तुम्ही तिकडे जा. ते गेले. इस्त्रियातल्या साव्हुद्रियाच्या छावणीत शेकडो मुलांसमोर त्यांनी खेळ केला आणि त्यातूनच पुढे ‘सीमेपलीकडचे विदूषक’ ही चळवळ उभी राहिली. आज अनेक देशांत तिच्या शाखा आहेत. मागणी मुलांनी केली होती आणि ती पुरी करण्यासाठी पैसेही मुलांनीच जमवले होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पाणी आधी, यात वादच नाही. धान्य, औषध, पांघरूण, सगळं आधी. पण छावणी म्हणजे चार दिवसांचा मुक्काम नसतो. कित्येक कुटुंबं पाच-पाच, दहा-दहा वर्षं तिथेच असतात. मुलं तिथे जन्मतात आणि तिथेच मिसरूड फुटण्याइतकी मोठी होतात. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या अंदाजानुसार २०२४च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसं बळजबरीने विस्थापित झालेली होती आणि त्यांत सुमारे ४० टक्के मुलं होती. इतक्या मुलांचं बालपण ‘परिस्थिती सुधारली की बघू’ म्हणून बाजूला काढून ठेवता येत नाही. १९८९च्या बालहक्क करारातलं ३१वं कलम मुलांचा खेळण्याचा हक्क मान्य करतं. तो घर शाबूत असलेल्या मुलांपुरता आहे, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

आता प्रत्यक्ष काय घडतं ते सांगते. एका छावणीत आमचा खेळ चालला होता. सात-आठ वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन सगळ्यांच्या मागे उभी होती. इतर पोरं खिदळत होती. हिचा चेहरा जराही हलत नव्हता. माझ्या जोडीदाराची टोपी खाली पडली. उचलायला तो वाकला, तर त्याच्याच पायाची ठोकर लागून टोपी पुढे सरकली. पुन्हा वाकला, पुन्हा तेच. विदूषकाच्या शाळेत पहिल्या महिन्यात शिकवतात इतका जुना हा खेळ. चौथ्या वेळी मागून आवाज आला. तिची भाषा आम्हाला येत नव्हती, पण ती त्याला रागावते आहे हे कळायला भाषा लागत नाही. तिने भावाला खाली ठेवलं, गर्दीतून वाट काढत रिंगणात आली, टोपी उचलली, त्याला हाताने खूण करून खाली बसायला लावलं आणि दोन्ही हातांनी टोपी त्याच्या डोक्यावर नीट बसवली. तो ताठ उभा राहिला. दोन पावलं चालला आणि टोपी पुन्हा पडली. तेव्हा ती हसली. सगळं अंग हलवून हसली.

छावणीतल्या मुलाला दिवसभर कुणी ना कुणी सांगत असतं. रांगेत उभं राहा, इथे जाऊ नकोस, कागद दाखव, थांब. त्याच्या आईबापांनाही दुसरंच कुणीतरी सांगत असतं आणि ती त्यांची लाचारी मुलं रोज बघतात. विदूषक हा एकच मोठा माणूस असा, की ज्याला मुलाहून कमी कळतं. तो पडतो, अडखळतो, त्याला मदत लागते, आणि मदत करण्याची ताकद मुलाच्या हातात असते. त्या मुलीला हसण्याच्या आधी राग आला होता आणि त्या रागाला तिथे जागा मिळाली. माझ्या मते आमच्या कामाचा गाभा हा आहे. हसू मागाहून येतं.

यासाठी शिकावं लागतं. हौसेने नाक लावलं की झालं, असं नाही. फुगे आम्ही नेत नाही, कारण फुगा फुटल्याचा आवाज गोळीसारखा असतो. चेहरा रंगाने झाकत नाही, नाक मुलांच्या देखत लावतो आणि त्यांच्या देखतच काढतो, म्हणजे आत माणूस आहे हे त्यांना कळतं. बंदूक, मारामारी, नेम धरणं यांतलं काहीही खेळात येत नाही. घाबरलेल्या मुलाजवळ आपण जायचं नाही, त्याला लांबून बघू द्यायचं. काही मुलं तीन-तीन खेळ लांबूनच बघतात.

सर्कस शिकवणं हा याच्या पुढचा टप्पा. तिथे सुरुवात चेंडूंनी नाही, पातळ रुमालांनी करतात. रुमाल सावकाश खाली येतो, त्यामुळे हाताला वेळ मिळतो आणि पहिल्याच दिवशी झेलता येतो. मनोऱ्यात खालच्यावर भरवसा टाकल्याशिवाय वरच्याला चढता येत नाही. कंबोडियात काय झालं बघा. थायलंडच्या सीमेवरच्या ‘साइट टू’ छावणीत काही मुलं व्हेरोनिक देक्रो या फ्रेंच चित्रकला शिक्षिकेकडे चित्रं काढायला शिकली. मायदेशी परतल्यावर त्यांच्यातल्या नऊ जणांनी १९९४ साली बाटम्बांग इथे ‘फार पोन्लू सेल्पक’ ही कलाशाळा काढली. पुढे तिथे सर्कसही शिकवू लागले आणि तिथले कलाकार आज तिकीट लावून खेळ करतात, त्यावर संसार चालवतात. तुर्कस्तानात सीरियाच्या सीमेलगत मार्दिनमध्येही अशीच एक सर्कसशाळा आहे. तिथे सीरियातून आलेली मुलं आणि स्थानिक तुर्की, कुर्दी मुलं एकत्र शिकतात. भाषा वेगळ्या असल्या तरी एकमेकांच्या खांद्यावर उभं राहायचं असतं.

पत्रलेखकांच्या एका म्हणण्याशी मात्र मी पूर्ण सहमत आहे. एका दुपारी यायचं, खेळ करायचा, रडक्या-हसऱ्या मुलांचे फोटो काढायचे आणि देणग्यांच्या पत्रकावर छापायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याची मला चीड आहे. त्या मुलांना कुणी विचारलेलं नसतं. म्हणून वाचकांना विनंती, की अशा कामासाठी कुणी पैसे मागितले तर आधी विचारा: पुन्हा कधी जाणार? छावणीतल्याच तरुण मुलामुलींना हे शिकवणार का? तिथे आधीपासून काम करणाऱ्यांना विचारून जाता का? उत्तर धड मिळालं नाही, तर पैसे पाण्याच्या टाकीसाठीच द्या.

आणि सर्कशीचं सामान न्यायच्या गाडीत धान्याची किती पोती मावली असती, असं त्यांनी विचारलं आहे. आम्ही तंबू नेत नाही, जनावरं नेत नाही, दिवे नेत नाही. रुमाल, चेंडू, चार रिंगा, एक बाजाची पेटी, दोन टोप्या आणि नाकं. सगळं दोन पिशव्यांत बसतं आणि बहुतेक वेळा धान्याच्याच गाडीत, पोत्यांवर ठेवून जातं.

आपली,
एक वाचक