झाडांवरील रोषणाई रात्री दहानंतर बंद असावी

मा. संपादक,

नवरात्र जवळ आले की नागपुरातील मोठ्या रस्त्यांच्या कडेची झाडे बुंध्यापासून फांद्यांपर्यंत विजेच्या माळांनी गुंडाळली जातात आणि त्यांतील बऱ्याच माळा दिवाळी, नाताळ व नववर्ष उलटून गेल्यावरही रात्रभर जळत राहतात. या रोषणाईवर सहसा घेतले जाणारे आक्षेप वाढीव वीजबिलाचे किंवा खोडात ठोकलेल्या खिळ्यांचे असतात. दोन्ही रास्त आहेत. परंतु उजेडामुळे होणाऱ्या हानीची चर्चा त्या मानाने फारच कमी होते. झाडापाखरांना अंधार लागतो, हे विधान अनेकांना केवळ भावनिक वाटते, म्हणून त्यामागील कार्यकारणभाव थोड्या विस्ताराने मांडण्याची परवानगी घेतो.

चिंचेची पाने दिवेलागणीला मिटतात. पावसाळ्यात धुऱ्यावर माजणाऱ्या तरोट्याची पानेही तशीच जोडीजोडीने मिटतात. सूर्य मावळतो म्हणून पान मिटते असे कोणालाही वाटेल. परंतु १७२९ मध्ये द मेराँ या फ्रेंच संशोधकाने लाजाळूसारखे एक रोप अंधारात ठेवून पाहिले, तेव्हा सूर्य न दिसताही त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. घड्याळ रोपाच्या आतच होते. पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या चिलटांतील असेच घड्याळ पेशींच्या पातळीवर कसे चालते, हे उलगडून दाखविल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या पेशींत एक प्रथिन रात्री साठत जाते, पुरेसे साठले की आपल्याच निर्मितीला आळा घालते आणि पुढे विघटित होते. हे चक्र सुमारे चोवीस तासांत पूर्ण होते. ‘सुमारे’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण आतले घड्याळ थोडे पुढेमागे धावते आणि रोजच्या उजेड-अंधारावरूनच ते जुळवून घेतले जाते. साहजिकच, जुळवणीसाठी मिळणारा उजेडच अवेळी असेल, तर घड्याळही चुकीचे लागते.

दिवसाचे झाले, तसेच वर्षाचेही. नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि येथे जूनमधील सर्वांत मोठा दिवस व डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवस यांत सुमारे अडीच तासांचा फरक पडतो. एवढ्या फरकावरून अनेक वनस्पती ऋतू ओळखतात. हे प्रथम ज्या पिकांवर सिद्ध झाले त्यांत आपल्या विदर्भात आज सर्वत्र दिसणारे सोयाबीन होते, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. अमेरिकेतील गार्नर आणि ॲलार्ड यांनी सोयाबीनच्या एका वाणाची पेरणी अनेक आठवड्यांच्या अंतराने केली, तरी सगळ्या रोपांना फुले जवळपास एकाच सुमारास, सप्टेंबरमध्ये आली. दिवस लहान होण्याची ती रोपे वाट पाहत होती, असा निष्कर्ष त्यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९३८ मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी दुसऱ्या एका वनस्पतीवर दाखविले की मोजली जाते ती दिवसाची लांबी नसून सलग अंधाराची लांबी. मोठ्या रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला, तरी अशा वनस्पतीच्या लेखी ती रात्र लहानच ठरते. शेवंतीचे उत्पादक याच तत्त्वाने रात्री दिवे लावून बहर लांबणीवर टाकतात.

आता महामार्गाच्या दिव्यांखालील शेताचा विचार करावा. सोंगणीच्या वेळी वावर पिवळे पडून वाळलेले असते आणि रस्त्याकडील काही ओळींत मात्र सोयाबीन हिरवेगार उभे असते. पाहणाऱ्याला ते पीक जोमदार वाटते. वास्तविक त्याला फुले उशिरा आलेली असतात, शेंगा भरण्यास दिवस कमी पडतात, आणि दोन्ही भाग एकत्र सोंगले तर ओलसर, कच्चे दाणे मालात मिसळतात. शेतकऱ्याची त्यात काही चूक नसते आणि या नुकसानीची भरपाई त्याने कोणाकडे मागावी, हेही स्पष्ट नाही.

सर्वच वनस्पती अंधार मोजून फुलतात, असा मात्र माझा दावा नाही. आपला संत्रा त्याला उत्तम अपवाद आहे. बागाईतदार पाणी तोडून झाडाला ताण देतो आणि मग पाणी देऊन बहार धरतो. आंबिया बहारासाठी हिवाळ्यातील थंडीही उपयोगी पडते, तर मृग बहाराचा ताण भर मे महिन्याचा असतो. येथे संकेत पाण्याचा व तापमानाचा आहे. (बहावा फुलल्यापासून अमुक दिवसांनी पाऊस येतो, असे दर उन्हाळ्यात छातीठोकपणे सांगणाऱ्यांनीही हा भेद ध्यानात घ्यावा, बहावा फुलतो तेव्हा मोसमी पाऊस विदर्भापासून फार दूर असतो.) तथापि पानगळीवर उजेडाचा परिणाम दिसल्याची नोंद जुनी आहे: न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावरील दिव्यांलगतची काही झाडे पाने उशिरा गाळतात, हे १९३६ मध्येच नोंदविले गेले होते.

पाखरांचा पुरावा अधिक बोलका आहे. जर्मनीतील प्रयोगात ब्लॅकबर्ड पक्ष्यांना रात्री केवळ ०.३ लक्स एवढा, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, प्रकाश दिला गेला. त्यांची प्रजननसंस्था एक महिन्यापर्यंत लवकर सक्रिय झाली. विणीचा काळ पिल्लांच्या खाद्याशी, म्हणजे किड्यांच्या उपलब्धतेशी, जुळलेला असतो. पक्ष्याचे घड्याळ महिनाभर पुढे गेले म्हणून अळ्या महिनाभर आधी निघत नाहीत. झाडाला माळ गुंडाळली, की त्यावर रातथाऱ्याला येणाऱ्या पाखरांवर पडणारा प्रकाश या ०.३ लक्सच्या कितीतरी पट असतो.

यावर सुचविला जाणारा उपाय म्हणजे पांढऱ्या दिव्यांऐवजी पिवळसर दिवे लावणे. प्राणी व कीटकांच्या दृष्टीने तो काही अंशी योग्य आहे, कारण निळसर प्रकाश त्यांना अधिक बाधतो. वनस्पतींतील फायटोक्रोम हे रंगद्रव्य मात्र तांबड्या प्रकाशाला अधिक संवेदनशील असते. त्यामुळे रंग बदलून झाडांची सुटका होत नाही. कमी वेळ आणि नेमक्या दिशेने प्रकाश देणे, हाच मार्ग उरतो.

रस्त्यावरील दिवे काढावेत, असे मी मुळीच म्हणत नाही. रात्रपाळीहून परतणाऱ्या स्त्रियांना आणि दुचाकीस्वारांना ते हवेतच. मागणी एवढीच आहे की झाडांवर माळा लावण्याची परवानगी सणाच्या दिवसांपुरती असावी, त्या रात्री दहा वाजता स्वयंचलित टायमरने बंद व्हाव्यात, सण संपताच आठवड्याभरात उतरवाव्यात आणि रस्त्यावरील दिव्यांना प्रकाश खालीच पाडणारी झाकणे बसवावीत. शहराबाहेरील नव्या रस्त्यांवर खांब उभारताना शेताकडील बाजूस आडोसा असलेले दिवे निवडण्याची अट निविदेतच घालता येईल. त्यासाठी येत्या खरिपापूर्वी रस्ते व कृषी या दोन्ही विभागांनी एकत्र पाहणी करावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर