बीड मुरायचं बाकी आहे

प्रिय दोस्ता,

पत्राला उशीर झालाय, शिव्या घालशील हे धरूनच लिहायला बसलोय. महिनाभर हात तेलात आणि बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, भुकटीत, कागद धरायची सोय नव्हती. इंजिन अजून उघडंच आहे, ब्लॉक (सिलिंडर असलेला त्याचा बिडाचा सांगाडा) नवा आहे. "नवा ब्लॉक आणलास, आता नुसतं जोडायचं," असं तू म्हणालास आणि मीही मान डोलावली होती. दोघेही गाढव!

ओतलेलं बीड निवताना पातळ भाग आधी थंड होतो, जाड भाग मागाहून. त्या ओढाताणीत ताण आत अडकतो आणि इंजिन शेकडो वेळा तापून निवलं की हळूहळू सुटतो. मुरलेल्या ब्लॉकचं बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ते भोक) एकदा नीट केलं की ते बऱ्यापैकी तसंच राहतं. नव्याचं मात्र अजून सगळं हलायचं असतं. फॉर्म्युला वनच्या दीड लिटर टर्बोसाठी बीएमडब्ल्यूने रस्त्यावर चाललेले जुने ब्लॉक मुद्दाम वापरले होते आणि १९८३ साली नेल्सन पिके त्याच इंजिनाच्या जोरावर जगज्जेता झाला. हे मला आधीपासून ठाऊक होतं, बरं का. पण माझ्या जुन्याला दोन बोअरच्या मधोमध तडा गेला, नव्याच्या भिंती जाड दिसल्या आणि अक्कल गहाण पडली.

आधी ब्लॉक मोकळाच ठेवून मोजला. चारही बोअर गोल, फरक ५ मायक्रॉनच्या आत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मी खूश. मग हेड (ब्लॉकवरचं झाकण) आवळल्यावर काय होतं ते पाहायला त्याच्या जागी जाड पोलादी प्लेट बसवली, तीच गॅस्केट, तेच बोल्ट, आवळायचा जोर (टॉर्क) तोच, आणि बोअर गेज पुन्हा आत सोडला. बोल्टांच्या रेषेत आला की काटा सरकायचा, पुढे गेला की परत यायचा. तब्बल ३० मायक्रॉन! असल्या बोअरवर पिस्टनची रिंग कशी टेकणार? म्हणून मेन कॅप (पिस्टन ज्याला फिरवतात तो क्रँक धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) आवळून, प्लेट चढवूनच होनिंग, म्हणजे बारीक दगडाने घासकाम, केलं. काम झालं आणि प्लेट काढली तर बोअर वाकडं. ते तसंच असायला हवं, हेड आवळलं की ते पुन्हा गोल होणार, हे पटायला मला एक रात्र लागली.

मेन कॅपला बोल्टऐवजी स्टड घातले, तर क्रँक बसतो त्या भोकांची लाइनच बदलली. तीही पुन्हा होन करावी लागली. त्यात सकाळचे आकडे दुपारी जुळेनात. १०० मिलिमीटरचं बोअर दहा अंशांनी तापलं की साधारण ११ मायक्रॉनने फुगतं, अॅल्युमिनियमचा पिस्टन जवळपास दुप्पट. आता ब्लॉक, पिस्टन, मायक्रोमीटर सगळं रात्रभर एकाच खोलीत ठेवतो आणि सकाळी कोणाशी न बोलता मोजतो.

रिंगांचं फार सांगत नाही. टॉप रिंगच्या दोन टोकांत ०.४५ मिलिमीटर गॅप हवा होता, एक जास्त घासली गेली, फुकट गेली.

खरा घाम फोडला तो वाळूने. ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे) प्लग काढून लांब ब्रश फिरवला आणि पांढऱ्या फडक्यावर चार-पाच काळे कण आले. चिमटीत चोळले तर कुरकुरले. ओतकामाच्या साच्यातली वाळू! बेअरिंगमध्ये फट जेमतेम ५० मायक्रॉनची, तिथे असला एक दाणा गेला असता तर क्रँक गेलाच म्हणून समज. गरम साबणाच्या पाण्याने ब्लॉक चार वेळा धुतला. होनिंगच्या ओरखड्यांत बसलेली भुकटी नुसत्या पेट्रोलने निघत नाही, घासावीच लागते. आणि तेल लावायला जरा उशीर केला की डोळ्यांदेखत तांबूस गंज.

काल क्रँक बसवला. एका बोटाने फिरतो. पण टेस्ट बेडवर (चाचणीच्या स्टँडवर) इंजिन काही तास चालवून ते परत उघडणार, पुन्हा प्लेट चढवून मोजणार, कारण बीड तेवढ्यात किती सरकलं असेल कोण जाणे.

तुझ्याकडे कोपऱ्यात पडलाय ना तो जुना ब्लॉक, ज्यावर तू पाय ठेवून बूट बांधतोस? तो भंगारात घालू नकोस. मी येऊन घेऊन जाईन.

तुझाच,
तेलकट हातांचा