दोरा आणि सत्तावीस तास

सॅन फ्रान्सिस्को

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचा हात मनगटात मोडल्याचं मला अकरा दिवसांनी कळलं, तेही शेजारच्या काकूंकडून. व्हिडिओ कॉलवर इतके दिवस हात टेबलाखाली ठेवून बोलत होतात! वर म्हणता, "तू इतक्या लांब, सांगून काय करणार होतीस?" म्हणून आज जरा हिशेब मांडते. हिशेबाचं तुम्हाला पटतं.

कपाटावरचा तुमचा पृथ्वीगोल काढा. नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को दोरा ताणून धरा. (आई, एक टोक तू धर, त्यांचा एकच हात चालतोय.) दोरा युरोपकडे वळणारच नाही; हिमालय, सायबेरिया, अलास्का असा वरच्या वर येईल. दिल्लीहून धरलं तर हे सरळ अंतर साधारण १२,४०० किलोमीटर. पण विमान दोऱ्यावरून चालत नाही. कुठलं आकाश उघडं, वारा कुठला, ते बघून वाट ठरते. २०१६ साली एअर इंडियाने दिल्लीहून इकडे येणारं विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून आणलं. १३,९०० किलोमीटरचे १५,३०० झाले, तरी ते साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा लवकर. वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, तो पाठीशी मिळाला. तेव्हा नुसते किलोमीटर मोजून मला लांब ठरवू नका.

आता माझा हिशेब. घरून विमानतळ पाऊण तास, तिथे तीन, दिल्लीपर्यंत सोळा, दिल्लीत सामान घेऊन दुसरं विमान पकडेपर्यंत पाच, नागपूर पावणेदोन, सोनेगाव विमानतळाहून घर अर्धा. सत्तावीस तास. वेळेवर तिकीट मिळालं तर, हे खरं. पण दोन दिवस तर नक्कीच नाही, अकरा तर नाहीच नाही.

मी पुण्याला शिकायला होते तेव्हा रेल्वेने घरी यायला पंधराएक तास लागायचे. त्या काळी आईला साधी सर्दी झाली तरी पत्र यायचं. बारा तास वाढले तर हात मोडल्याचंही सांगायचं नाही, हा कुठला न्याय? प्रत्येक वेळी मी धावत येईनच असं नाही. पण यायचं की नाही ते मला ठरवू द्या.

फोन कधीही करा. तुमचे सकाळचे आठ म्हणजे सध्या माझे आदल्या संध्याकाळचे साडेसात. माझ्याकडे अजून कालच चालू असतो, मी जागीच असते. मध्यरात्री असेल तर उठेन.

गुरुवारी प्लास्टर काढायचं आहे ना? ऑटोने जा, स्कूटर काढू नका. आई, तू सोबत जा आणि डॉक्टर काय म्हणाले ते तूच सांग, यांच्यावर भरवसा नाही.

आणि रविवारी कॉलवर दोन्ही हात टेबलावर दिसू द्या.

तुमची,
छकुली