काच बदलली, पण गाडीचा डोळा तिरका राहिला

मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातला मिस्त्री. वडील ऑइल इंजिनं उघडायचे, मी मोटारी उघडतो. गेल्या काही वर्षांत डॉक्टर, कारखानदार, बिल्डर यांच्या महागड्या गाड्याही माझ्या शेडमध्ये येऊ लागल्यात. त्यातल्याच एका गाडीमुळे हे पत्र लिहितोय.

राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांची गाडी. गगनबावड्याच्या रस्त्यावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालचा खडा उडाला आणि पुढची काच तडकली. त्यांनी एका दुकानातून ती बदलून घेतली. तासाभरात काम झालं, काच चकाचक. पंधरा दिवसांनी ते कागलकडं निघाले होते. हायवेला उजव्या लेनमध्ये गाडी, डाव्या लेनमध्ये उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. समोर रस्ता मोकळा. तरी गाडीनं आपणहून करकचून ब्रेक मारला. मागचा टेम्पो कसाबसा कडेला गेला. मागच्या सीटवर त्यांची आई होती.

गाडी माझ्याकडं आली. बिघाड शोधणारा स्कॅनर लावला, एकही फॉल्ट नाही. डॅशवर दिवा नाही. या गाड्यांत पुढच्या काचेला, आरशामागं एक कॅमेरा असतो; त्यानं समोर अडथळा बघितला की गाडी आपोआप ब्रेक मारते. मग आरशाच्या मागचं कव्हर काढून बॅटरी मारली. कॅमेऱ्याच्या ब्रॅकेटखाली एका बाजूला गोंदाचा थर जाड राहिला होता. नखभर. तेवढ्यानं कॅमेरा डावीकडं जरासा फिरला होता. साहेब, एका अंशाचा फरक पन्नास मीटरवर जवळजवळ ८७ सेंटिमीटर होतो. आपल्या हायवेची लेन साडेतीन मीटरची. शेजारच्या लेनमधला ट्रॅक्टर आपल्याच वाटेत उभा आहे असं गाडीला वाटायला एवढं पुरतं.

काच बदलली, बंपर उतरवला किंवा चाकांचं अलाइनमेंट बदललं, की बऱ्याच गाड्यांत कॅमेरा आणि रडार पुन्हा जुळवावे लागतात. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. सपाट फरशी लागते, टायरची हवा बरोबर लागते, गाडीसमोर ठरलेल्या अंतरावर खुणांचा बोर्ड उभा करावा लागतो. काही गाड्या हायवेला ठरावीक वेगानं चालवून जुळवतात. हे काम अवघड नाही, पण अंदाजपंचे चालत नाही. त्या गाडीचं अंतर किती, बोर्ड कोणता, हे कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये असतं. माझ्या स्कॅनरनं त्या पानावर येऊन लॉगिन मागितलं. ते कंपनीच्या वर्कशॉपशिवाय कुणाला मिळत नाही. शेवटी आपोआप ब्रेक मारण्यासारखी गाडीची सगळी मदत बंद करून डॉक्टर ती पुण्याला घेऊन गेले.

काच बदलणाऱ्या पोराला मी दोष देत नाही. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

२०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळत नाहीत, हेच त्याचं कारण होतं. कंपन्या अपिलात गेल्या. २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात मोटारीही होत्या. आमच्या शेडपर्यंत अजून काही पोचलेलं नाही. तेव्हा प्रश्न पैशाचा होता. आता ब्रेक आणि स्टिअरिंग या कॅमेऱ्याच्या भरवशावर आहेत.

कंपन्या म्हणतात, माहिती बाहेर दिली तर चोरांचं फावेल. हे मला पटत नाही. किल्ली खिशातच ठेवून उघडणाऱ्या गाड्यांचंच घ्या. गाडी कमी पल्ल्याच्या रेडिओ लहरीनं विचारते, "जवळ आहेस का?" खिशातली किल्ली उत्तर देते, दार उघडतं. चोर दोघं येतात. एक गाडीपाशी, दुसरा घराच्या भिंतीपाशी. दोघांच्या हातातल्या यंत्रांनी ती हाक लांबवर पोचते आणि घरातल्या खुंटीवरची किल्ली प्रामाणिकपणे उत्तर देते. झुरिकच्या संशोधकांनी २०११ मध्येच आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलवर हे करून दाखवलं. त्यांना कोणतंही गुपित फोडावं लागलं नाही. आता काही गाड्यांत सिग्नलला यायला-जायला लागणारा वेळ मोजून किल्लीचं खरं अंतर तपासतात. तोच खरा उपाय. तोवर मी गिऱ्हाइकांना सांगतो, किल्ली झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा आणि डबा गाडीजवळ नेऊन दार उघडतंय का बघा. उघडलं तर डबा बदला.

चोराला ज्या माहितीची गरजच पडत नाही, ती मिस्त्रीपासून लपवून काय मिळतं?

युरोपात कंपन्यांना दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजलाही वाजवी शुल्क घेऊन द्यावी लागते. किल्ली-कुलपाच्या माहितीसाठी आधी गॅरेजची पडताळणी होते. तसंच इथं करा. आमची पोलीस पडताळणी करा, परीक्षा घ्या, फी घ्या. पण काच बदलल्यावर कॅलिब्रेशनचा दाखला सक्तीचा करा, विम्यात त्याचा खर्च धरा, आणि तो दाखला देण्याचा रस्ता आम्हालाही उघडा. कळंब्याच्या आयटीआयतून माझ्याकडं पोरं येतात. कार्ब्युरेटर त्यांनी बघितलेला नाही, पण कॅमेऱ्याचं काम एकदा दाखवलं की हात बसतो.

शेडच्या मागच्या बाजूला मी दहा मीटर फरशी घातली आहे. पाणसळ लावून तीन वेळा तपासली. मधोमध पांढरी रेघ ओढली, बोर्डाचा स्टँडही शेजारच्या वर्कशॉपमधून करून घेतला. त्यावर कोणता बोर्ड कुठं ठेवायचा, तेवढं कळायचं राहिलंय.

आपला,
एक मिस्त्री
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर