अण्णा, स्टेअरिंग माझ्याच हातात असतं

स्टुटगार्ट, जर्मनी,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप अण्णा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोनवर आपण "जेवलास का" आणि "थंडी किती" याच्या पुढे जातच नाही. तेवढ्यात नेट जातं, नाहीतर आई गॅसवर काहीतरी ठेवून आलेली असते. म्हणून आज निवांत बसून लिहितोय. शीतल प्रिंट काढून देईल, अण्णांसाठी अक्षर मोठं ठेवायला सांगितलंय.

माझं ऑफिस, खोली, डबा सगळं तेच, तुम्हाला पाठ आहे. सर्दी होती ती गेली. आईने दिलेला मेतकूट-भात आठवड्यातून दोनदा होतो, अजून अर्धा डबा शिल्लक आहे. तब्येतीचं एवढंच.

लिहायला बसलो ते गाडीसाठी. गेल्या रविवारी अण्णा म्हणाले, "एकतीस वर्षं बेस्टची बस चालवली, स्टेअरिंगवरचा हात कधी सोडला नाही, आणि तू हात सोडून गाडी चालवतोस?" मी तेव्हा नीट उत्तर दिलं नाही, उलट आवाज चढवला. त्याचं वाईट वाटतंय. शीतलने तुम्हाला दाखवलेला तो झोपलेल्या ड्रायव्हरचा व्हिडिओ मीही पाहिला. अण्णा, ती माझी गाडी नाही आणि तसला माणूस मी नाही.

या गाड्यांच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या ठरवलेल्या आहेत. शून्य म्हणजे तुमची वडाळा डेपोची बस, सगळं माणसाने करायचं. पाच म्हणजे माणूस नसला तरी चालेल अशी गाडी, ती अजून कुणाच्या दारात उभी नाही. माझी गाडी दोनवर आहे. दोनचा अर्थ असा की गाडी मदत करते, पण जबाबदारी शंभर टक्के ड्रायव्हरची. नजर रस्त्यावर, हात स्टेअरिंगवर, आणि काही झालं तर पोलीस मलाच विचारणार. तीन नंबरच्या गाड्याही इथे २०२२ साली विकत मिळू लागल्या, मर्सिडीजने पहिल्यांदा आणल्या. हायवेवर ट्रॅफिक तुंबलेलं असताना त्यांचा ड्रायव्हर रस्त्यावरची नजर काढू शकतो. त्या गाड्यांच्या किमती आपल्या घरात बोलायच्या नाहीत. शीतलने बीकेसीच्या शोरूमसमोर फोटो काढला त्या टेस्लाने २०१५ साली ऑटोपायलट या नावाने माझ्या गाडीसारखी मदत आपल्या गाड्यांत आणली, तेव्हापासून लोकांच्या डोक्यात बसलंय की गाडी आपोआप जाते. नावच तसं आहे. पण तीही दोनच नंबरची मदत.

माझ्या गाडीत काचेच्या मागे, आरशाजवळ एक कॅमेरा आहे आणि पुढच्या बंपरमध्ये रडार. रडार पुढच्या गाडीवर लक्ष ठेवतं. ती हळू झाली की माझी हळू होते, ती निघाली की माझी निघते. कॅमेरा रस्त्यावरचे पट्टे बघतो आणि गाडी दोन पट्ट्यांच्या मधोमध ठेवतो. हात काढला तर दहा-पंधरा सेकंदांत पडद्यावर सूचना येते, मग आवाज, मग ब्रेकचा एक हिसका. तरीही हात लागला नाही तर चारही इंडिकेटर लावून गाडी थांबते. हात नुसता ठेवूनही भागत नाही, अधूनमधून स्टेअरिंगला थोडा ताण द्यावा लागतो, म्हणजे तिला कळतं की माणूस जागा आहे.

पहिल्या दिवशी मी ते चालू केलं तेव्हा तळहाताखाली स्टेअरिंग आपोआप हललं. केसाएवढंच, पण हललं. मला एकदम गावचा माळ आठवला. मामाची कमांडर जीप, मी आठवीत, आणि माझ्या हातावर अण्णांचा हात. तुम्ही वळवत होता आणि मला वाटत होतं मीच वळवतोय. तसंच लागलं हाताला. मी तेव्हाच गाडी बाजूला घेऊन तुम्हाला फोन केला होता, आठवतं का? "काही नाही, सहज केला" म्हणालो होतो.

आता रस्त्याचं सांगतो. आठवड्यातून दोनदा उल्मच्या प्लांटला जावं लागतं. नव्वदएक किलोमीटर, आणि प्लांट गावाबाहेर असल्यामुळे दुसरी शिफ्ट संपल्यावर बस नाही, म्हणून तर गाडी घेतली. हौस म्हणून नाही घेतली, आई. मध्ये एक घाट लागतो. अण्णा, अगदी आपली खंबाटकी! जाताना घाट चढायचा, येताना वेगळ्या रस्त्याने बोगद्यातून उतरायचं. पहिल्यांदा तिथून गेलो तेव्हा आता पुढे सुरूर लागणार असं वाटून गेलं. उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की गाडी स्वतःच आवरते, तुम्ही गिअरवर गाडी धरून घाट उतरायचा तशी. फरक एवढा की इथे मोटरच उलट वीज तयार करून बॅटरीत भरते. खाली येईपर्यंत एखादा टक्का वाढलेला असतो. थंडीत मात्र बॅटरी लवकर उतरते, म्हणून मी शंभर-एकशेदहाच्या वर जात नाही. बाकीचे दीडशेने जातात. जाऊ देत.

एक गोष्ट मी सांगितली नव्हती. आता होऊन गेलं म्हणून सांगतो, आईने वाचताना थांबू नये. ऑक्टोबरच्या सुरुवातीला उल्महून येत होतो, अंधार पडला होता, पाऊस. पुढे रस्त्याचं काम चालू होतं. इथे काम काढलं की जुने पांढरे पट्टे तसेच ठेवून वरून पिवळे मारतात. पिवळे असतील तिथे पांढरे धरायचे नाहीत, असा नियम. माणसाला हे एकदा सांगितलं की कळतं. पण ओल्या रस्त्यावर दिव्यांच्या उजेडात पांढरे पट्टेच जास्त चमकत होते, आणि गाडीने पांढरे धरले. लेन उजवीकडे वळत होती आणि गाडी सरळ, डावीकडच्या सिमेंटच्या कठड्याकडे निघाली. माझे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. मी उजवीकडे ओढली, तिने लगेच सोडलं आणि गाडी लेनमध्ये आली. एवढंच झालं. गाडीला ओरखडासुद्धा नाही. पुढच्या पार्किंगला थांबून वीस मिनिटं नुसता बसलो. फोन करावासा वाटला, पण तिकडे पावणेअकरा झाले होते. त्या दिवसापासून रस्त्याचं काम दिसलं की मी ती मदत बंद करतो, पाऊस जोराचा असला तरी बंद. अण्णा, ते हात तुम्ही शिकवल्यामुळेच जागेवर होते.

आता इथल्या लोकांची एक गोष्ट सांगायची आहे. आधी मला ती अजिबात कळली नव्हती, म्हणून सविस्तर लिहितो. हायवेवर ट्रॅफिक तुंबलं की हे लोक गल्ली करतात. रेटुंग्सगासं म्हणतात तिला. रेटुंग म्हणजे वाचवणं आणि गासं म्हणजे आपली गल्लीच. अण्णा, उजवा हात समोर आडवा धरा, तळवा खाली. अंगठा म्हणजे सगळ्यात डावीकडची लेन. बाकीची चार बोटं एकमेकांना चिकटवा, त्या उरलेल्या सगळ्या लेन. आता अंगठा बाजूला ताणा. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये जी जागा झाली ती गल्ली. डाव्या लेनवाले पार डावीकडे, बाकी सगळे उजवीकडे. लेन दोन असोत नाहीतर चार, गल्ली तिथेच होणार. आणि ती सायरन ऐकून करायची नाही. गाड्या चालण्याच्या वेगावर आल्या की लगेच करायची, ॲम्ब्युलन्सचा पत्ता नसला तरी. नाही केली तर किमान दोनशे युरो दंड. कुणी उतरून हात दाखवत नाही, हॉर्न नाही, शिट्टी नाही. ट्रकवालेसुद्धा निमूट कडेला सरकतात.

पहिल्यांदा मी अशा ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा मदत चालू होती आणि मला बरं वाटत होतं, कारण गाडी आपली आपण पुढे जात होती, थांबत होती, पाय दुखत नव्हता. तेवढ्यात दोन्ही बाजूंच्या गाड्या दूर सरकल्या. माझी गाडी मात्र लेनच्या बरोबर मधोमध. तिला तेच शिकवलंय, पट्ट्यांच्या मधोमध राहा. मागच्या बाईने दिवे मारले तेव्हा मला समजलं. मी मदत बंद केली आणि गाडी कडेला नेली. मिनिटभरात दोन ॲम्ब्युलन्स आणि त्यांच्यामागून आगीचा बंब त्या गल्लीतून गेले, एकदाही ब्रेक न लावता. माझ्या गाडीला पट्टे कळतात, ॲम्ब्युलन्स कळत नाही. ते मलाच कळायला हवं होतं.

तिथे बसून मला मागच्या वर्षीचे गणपती आठवले. अण्णांच्या छातीत दुखायला लागलं आणि ॲम्ब्युलन्स परळला अडकली तो दिवस. शीतल फोनवर रडत होती, "दादा, हलतच नाहीये रे," आणि मी इथे फोन धरून उभा. पंचवीस मिनिटं. मला काहीच करता आलं नाही. विसर्जनाला लालबागच्या एवढ्या गर्दीत पोरं हाताची साखळी धरून ॲम्ब्युलन्सला वाट करून देतात, हे मी लहानपणापासून पाहत आलोय. आपल्या माणसांना वाट देता येत नाही असं कुणी म्हणू नये. चालणारा माणूस अंग चोरून सरकतो. चहूबाजूंनी गाड्या अडकल्यावर सरकायला जागाच उरत नाही. अण्णा, मागून सायरन आला की तुम्ही डबल-डेकर कशी फुटपाथला चिकटवायचा ते मी वरच्या मजल्यावर पहिल्या सीटवर बसून पाहिलंय. ते तुम्ही रोज केलं, आणि तुमची वेळ आली तेव्हा मी तिथे नव्हतो. हे फोनवर कधी बोलता आलं नाही.

बरं, आता कामाचं.

शीतलच्या साखरपुड्याला येता येणार नाही. रजा मागितली होती, पण डिसेंबरमध्ये प्लांटला मशीन बसवायची आहे. लग्नाला मात्र दहा दिवस येतोय, तिकीट काढलंय, आईने आत्याला तसं ठामपणे सांगावं. प्रसादशी बोललो. मुलगा मोकळा वाटला, मला आवडला. त्याच्या आईला मानपानाचं काय ते आपण आधीच विचारून घेऊ, ऐनवेळी कुणाची नाराजी नको.

हॉलच्या ॲडव्हान्सचे दीड लाख म्हणालो होतो, त्यातला एक लाख गुरुवारी पाठवलाय. उरलेले पन्नास महिनाअखेरीला. थंडीचे टायर घ्यावे लागले, बर्फात त्याशिवाय गाडी काढता येत नाही, त्यात पैसे गेले. गाडीच्या हप्त्यामुळे लग्नाला कमी पडेल असं आई शीतलला म्हणाली, मला कळलं. कमी पडणार नाही. आणि आई, पाटल्या मोडायच्या नाहीत. परत तो विषय काढू नकोस.

बिल्डरने ट्रान्झिटचं भाडं तीन महिने दिलेलं नाही, तर अण्णांनी एकट्याने ऑफिसात जाऊन भांडू नये. जिने आहेत तिथे. चाळ कमिटीच्या लोकांबरोबर जा, आणि जे काही सांगतील ते लेखी घ्या.

कराडच्या मुलीचा बायोडाटा वाचला. नाही म्हणत नाही. शीतलचं होऊ दे, मग मी स्वतः त्यांच्याशी बोलेन. तिला इकडे यायला आवडेल का, की मीच परत यावं असं तिच्या घरच्यांना वाटतंय, ते मात्र आधी विचारून ठेव. मला स्वतःलाही ते ठरवायचं आहे.

उद्या पहाटे उल्मला निघायचंय. पोहोचल्यावर मिस्ड कॉल देतो. घाट कोरडा आहे, बर्फ अजून पडलेला नाही.

तुमचा,
बाळू

ता. क. गुरुवारच्या पैशांत पंधरा हजार वेगळे आहेत, ते अण्णांच्या गोळ्या आणि ईसीजीसाठी. ते हॉलला घालू नका. ईसीजीला शीतलला बरोबर न्या, आणि रिपोर्टचा फोटो मला त्याच दिवशी पाठवा, दुसऱ्या दिवशी नको.